जनार्दन कोळेकरांची माघार

पोर्ट ऑल्डनच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे आणि चौथ्या बाजूनं हॅलिफॅक्सचा रस्ता येतो. त्या रस्त्याच्या कडेला विटकरी रंगाची एक चार मजली बिल्डिंग आहे. पाटीवर तिचं इंग्रजी नाव आहे, पण आमच्यातलं कुणी ते घेत नाही. आम्ही तिला काकांची बिल्डिंग म्हणतो. काका म्हणजे जनार्दन कोळेकर, तिथले सुपर, बिल्डिंगची देखभाल करणारे. मालक टोरोंटोत असतो. त्याला इथं कुणी पाहिलेलं नाही. हीटर बंद पडला, किल्ली आत राहिली, बेसमेंटमधलं वॉशिंग मशीन कपडे पोटात घेऊन अडून बसलं, की लोक काकांचं दार वाजवतात.

काका जत तालुक्यातले. तिथली माती अशी, की पाऊस पडला तरी दुपारपर्यंत विसरून जाते. वेल्डिंग शिकून ते पुण्याला गेले, तिथून दुबईला, आणि शेवटी हॅलिफॅक्सला आले. पाठ गेली तेव्हा वेल्डिंग सोडून त्यांनी ही नोकरी धरली. बायको लता वृद्धाश्रमाच्या लॉन्ड्रीत कामाला होती. मूल नव्हतं. पण कॉलेजची पोरं राहायला येऊ लागली, अकोल्याची, नाशिकची, जळगावची, तसं ते दोघं अख्ख्या बिल्डिंगचे काका-काकू झाले. पहिल्या हिवाळ्यात कुणी पातळ जाकीट घालून दारातून निघालं, की लताकाकू जिन्यातूनच ओरडायची, "ए शहाण्या, कान झाक! गळून पडले तर आई मला विचारंल!"

काकांचं बोलणं कमी. ते ऐकून घेत, मान हलवत, आणि काम करून टाकत. अशा माणसाकडे माणसं आपोआप गोळा होतात, आणि माणसं गोळा झाली की राजकारणवाले येतात. वेन हॅचर असाच आला होता.

वेन आमचा आमदार. आधी तो हायस्कूलात पोरांना हॉकी शिकवायचा. पहिल्यांदा तिकीट मागायला निघाला तेव्हा त्याच्या गाडीला विंटर टायरसुद्धा नव्हते, काकांनी बेसमेंटमधले जुने काढून बसवून दिले. इकडे तिकीट वरून येत नाही. मतदारसंघात पक्षाचे जे सभासद असतात ते एका हॉलमध्ये जमतात आणि मत टाकून उमेदवार ठरवतात. वेनच्या पक्षात सभासद व्हायला या देशाचं नागरिक असावं लागत नाही. गावात राहणारं कुणीही, कॉलेजचं पोरगंसुद्धा, सभासद होऊ शकतं. म्हणून ज्याच्या मागं माणसं, त्याचं तिकीट. त्या वर्षी काकांनी वेनच्या मागं माणसं उभी केली. वेन निवडून आला. तेव्हापासून तो दर दिवाळीला बिल्डिंगमध्ये यायचा आणि लताकाकूच्या चकल्या खिशात भरून न्यायचा.

मग तो नोव्हेंबर आला. लताकाकू संध्याकाळी बसमधून उतरली आणि घराकडे चालू लागली. बसस्टॉपपासून थोडं अंतर फुटपाथ आहे, पुढं नुसती रस्त्याची कड. तिथं मागून एक पिकअप तिच्यावर आली. चालवणारा दारू प्यालेला होता. पोलिसांनी त्याला तिथंच धरलं. तो गावातलाच, तीन पिढ्या बोट चालवणाऱ्या घरातला. काकांनी त्याचं नाव कधी उच्चारलं नाही. "तो पिकअपवाला" एवढंच म्हणत.

दुःख तर होतंच. पण त्यावर आणखी एक गोष्ट येऊन बसली. कॉफीच्या दुकानात, धक्क्यावर, लोक हळू आवाजात बोलू लागले. बाई काळ्या कोटात होती म्हणे. रस्त्याच्या मधूनच चालत होती म्हणे. या लोकांना अंधारात कसं चालायचं ते कळत नाही म्हणे.

लताकाकूच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचं पिवळं जाकीट होतं. काकांनीच तिला ते घ्यायला लावलं होतं. ती नको म्हणत होती, "मी काय रस्ता खोदणारी हाय व्हय?" आता ते जाकीट कागदी पिशवीत बंद होऊन पोलिसांकडे पडलं होतं. ती पिशवी कोर्टात उघडेल, सगळ्या गावासमोर कुणीतरी ते जाकीट वर धरेल, आणि त्या माणसाला विचारेल की बाबा, हे तुला दिसलं नाही का. काकांना एवढंच हवं होतं. तो किती वर्षं आत जाईल, हे त्यांनी वकिलाला कधी विचारलंच नाही.

अंत्यविधीला वेन आला होता. त्यानं काकांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "ही केस तडीस जाईपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे."

त्यानंतरच्या वसंतात प्रांताच्या राजधानीत एक तडजोड झाली.

सरकारकडे बहुमत नव्हतं. विरोधक म्हणत होते, सरकार आपल्या देणगीदारांना न्यायाधीश करतं. हे थांबेपर्यंत आम्ही बजेट पास होऊ देणार नाही. सरकार पडायच्या बेतात आलं. मग दोन्हीकडचे मोठे लोक बसले आणि कायदा केला. इथून पुढं न्यायाधीशांची नावं सगळ्या पक्षांची एक समिती सुचवेल, तीही एकमतानं. समिती बसेपर्यंत एकही नवी नेमणूक करायची नाही. निवृत्त न्यायाधीशांनाही तात्पुरतं बोलवायचं नाही, कारण तेही जुन्या सरकारांचेच सोयरे. बदल्यात विरोधकांनी बजेट जाऊ दिलं. पेपरांनी कौतुक केलं. भांडायचं सोडून शहाण्यासारखे वागले, म्हणाले. वेन सरकारी पक्षातलाच, त्यानंही त्या कायद्याला हात वर केला.

समिती बसेना. तिचा अध्यक्ष कुणाचा असावा यावरच ती अडली. आमच्या कोर्टात तीन न्यायाधीशांच्या जागा. एक जण निवृत्त झाला, दुसरा आजारानं गेला. उरलेली बाई दुसऱ्या दोन गावांचं कोर्टही बघायची. शरद ऋतूत पिकअपवाल्याची केस उभी राहायची होती, ती फेब्रुवारीवर गेली. पुढं फेब्रुवारीचीही तारीख जूनवर जाणार असं दिसू लागलं. आणि या देशात नियम असा, की त्या कोर्टातली केस दीड वर्षाच्या आसपास संपली पाहिजे. नाही संपली, तर आरोपीला वेळेत न्याय मिळाला नाही म्हणून ती थांबवतात. तिथंच. कायमची. दीड वर्ष मे महिन्यात भरत होतं.

काका वेनच्या ऑफिसात गेले. वेननं खुर्ची पुढं ओढली, कॉफी आणली.

"वेन, जज कधी येणार?"

"समिती बसली की."

"समिती कधी बसणार?"

"मला खरंच माहीत नाही, जॅन."

"निवृत्त जजला बोलवा. तेवढं कलम बदला."

"ते कलम हलवलं तर सगळी तडजोड मोडेल. तडजोड मोडली तर सरकार पडेल. एका केससाठी..." एवढं बोलून वेन थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं.

"एक केस," काका म्हणाले. कॉफी तशीच ठेवून ते उठले. दारात थांबून म्हणाले, "वेन, मार्चमधे तुझ्या तिकिटाची मीटिंग हाय ना? मी उभा राहतोय."

वेन हसला. हसता हसता थांबला.

काकांनी खरंच अर्ज भरला. गावात आधी हशा झाला. सुपर आमदार होणार, आता विधानसभेचे नळ गळायचे थांबतील, असं कुणीतरी म्हणालं. काकांनी मनावर घेतलं नाही. ते एकेका मजल्यावर, एकेका दाराशी गेले.

शिवांगी तिसऱ्या मजल्यावर राहायची. अकोल्याची पोरगी, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी डोनटच्या दुकानात काउंटरवर. जीभ तिखट, पण लताकाकू गेली तेव्हा तेराव्यापर्यंत काकांचा डबा हिनंच केला होता. तिनं दार उघडलं, ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवला.

"काका, आम्ही सगळे इथं कायम राहायच्या परवान्याच्या, पीआरच्या लायनीत उभे आहोत. राजकारणात नाव आलं आणि फाइल अडकली तर? सगळी पोरं भिऊन राहिली."

"न्हाई अडकत. मी विचारून आलोय."

"कोणाला?"

"वेनच्याच हापिसात."

शिवांगी दाराला टेकून हसली. "म्हंजे ज्याला पाडायचं त्यालाच विचारून आले? काका, तुम्ही तं भारीच आहात!" मग तिचं हसू ओसरलं. "करते मी. काकूसाठी. बाकीच्यांनाही करायला लावते. तुम्ही नका फिरू, तुमची पाठ दुखते."

तिनं एकट्या आमच्याच बिल्डिंगमध्ये नाही, वर डोंगरावरच्या बेसमेंटांमधून राहणाऱ्या पोरांमध्येही काम केलं. पंजाबी पोरांशी हिंदीत बोलली. वृद्धाश्रमातल्या फिलिपिनो बायका लताकाकूसोबत काम केलेल्या; त्या स्वतःहून आल्या. जानेवारी संपता संपता वेनच्या माणसांनी डोकी मोजली आणि त्यांचे चेहरे उतरले. हॅलिफॅक्सच्या पेपरात काकांचा फोटो आला. रेडिओवाल्या बाईनं वेनला सरळच विचारलं, की तुमच्या मित्राच्या बायकोची केस तुम्ही केलेल्या कायद्यानं मरणार का? त्याच आठवड्यात पक्षाच्या पुढाऱ्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. निवृत्त न्यायाधीशांच्या कलमाचा "फेरविचार होऊ शकतो," असं तो म्हणाला.

एके दुपारी काकांना एका अनोळखी बाईचा फोन आला. कोलेट डोइरन नावाची, प्रांताच्या पार दुसऱ्या टोकाची. तिच्या मुलाला बारबाहेर भोसकलं होतं आणि ती केसही अशीच लटकलेली होती. ती म्हणाली, "मीही माझ्या आमदाराविरुद्ध तिकिटाला उभी राहते आहे. अजून दोन गावांत लोक तयार आहेत. आम्ही सगळे तुमच्या मीटिंगकडे डोळे लावून बसलोय. तुम्ही हलू नका."

काका म्हणाले, "न्हाई हलत."

मग संक्रांतीचा कार्यक्रम झाला. हॅलिफॅक्सच्या मराठी मंडळाला एक चर्चचं बेसमेंट भाड्यानं मिळतं, तिथंच आमचे सगळे सण होतात. दर वर्षी या कार्यक्रमाला उशीर होतो, कारण हॉलची तारीख फेब्रुवारीतच मिळते. मंडळाचे अध्यक्ष विश्वनाथ पारखी. निवृत्त इंजिनिअर, मृदू माणूस. कुणाच्या घरात भांडण झालं तर दोन्हीकडचे यांच्याकडेच येतात. मंडळाची निवडणूक त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही होऊ दिलेली नाही. दोन नावं आली की विश्वनाथराव दोघांना वेगवेगळं चहाला बोलावतात, एक जण माघार घेतो, आणि बिनविरोध निवड जाहीर होते. याचा त्यांना फार अभिमान. त्यांनाच काय, आम्हा सगळ्यांनाच.

त्यांनी काकांना कोपऱ्यात नेलं. तिथं वेन आधीच येऊन उभा होता.

"जनार्दनराव, बसा. हा माणूस माझ्या घरी दोनदा येऊन गेला. याची झोप उडाली आहे."

"माझी कवाच उडलीय."

"माहीत आहे. म्हणूनच मधे पडलोय. तुम्ही जिंकाल हो, सगळे तेच म्हणतात. पण जिंकून काय? तुम्ही आमदार होणार नोव्हेंबरात, तेही झालात तर. केस मरते आहे मे महिन्यात. हा आजच आमदार आहे. हा शब्द देतोय, की माघार घेतलीत तर एप्रिलच्या अधिवेशनात कलम बदलायचा ठराव हा स्वतः मांडेल. ठराव आला तर पास होईल, पुढाऱ्यानं तसं सुचवलंच आहे."

काकांनी वेनकडे पाहिलं. "शब्द?"

"शब्द," वेन म्हणाला. त्याचे डोळे ओले होते. खोटं बोलत नव्हता तो, हे आम्ही आजही सांगू.

काकांच्या मनात त्या वेळी काय चाललं असेल, ते जत भागातल्या माणसाला लगेच कळेल. त्यांच्या गावची ग्रामपंचायत वर्षानुवर्षं बिनविरोध होत आली. अर्ज भरले जात, गावात गरमागरमी होई, आणि माघारीच्या शेवटच्या दिवशी देवळात बैठक बसे. त्यांच्या वडिलांनी एकदा अशीच भरात आलेली निवडणूक सोडली होती, वाडीच्या रस्त्याच्या बदल्यात. नारळावर हात ठेवून शब्द घेतला, आणि दिवाळीच्या आत रस्ता झाला. गावानं त्यांना फेटा बांधला. निवडून आलेल्या सरपंचाचं नाव लोक विसरले. माघार घेणाऱ्याचं नाव अजून घेतात. लढून मिळवण्यापेक्षा सोडून मिळवणं मोठं, हे काका दुधाबरोबर प्यायले होते.

विश्वनाथरावांनी ताटातला तिळगूळ दोघांच्या हातावर ठेवला. वेननं तो तोंडात टाकला आणि दाढ धरली.

"सांभाळून," विश्वनाथराव म्हणाले. "आमच्याकडे हा खाल्ला की गोडच बोलावं लागतं."

"गोड बोलायचाच तर आम्हाला पगार मिळतो," वेन म्हणाला. तिघं हसले. काकांनी हात पुढं केला.

परतीच्या वाटेवर त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. शिवांगीलाही नाही. माघार आधी फोडायची नसते, ती बैठकीतच जाहीर करायची, म्हणजे तिचं वजन राहतं. त्यांच्या गावची रीत तशी होती. आणि मागं उभ्या राहिलेल्या माणसांना विचारायची तर रीतच नव्हती. वडीलधारा बोलेल तोच सगळ्यांचा शब्द.

मीटिंग मार्चमध्ये, अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये होती. पावसात बर्फ मिसळून पडत होतं. दारापासून पार्किंगच्या टोकापर्यंत रांग. डोनटच्या दुकानातली पोरं टोप्यांसकट आली होती, वृद्धाश्रमातल्या बायका गणवेशात. मासळीच्या कारखान्यातून थेट आलेल्या पोरांच्या अंगाला वास होता आणि पुढची म्हातारी माणसं नाक मुरडत होती. शिवांगी रांगेच्या कडेनं वर-खाली करत होती, "ओळखपत्र हातात ठेवा रे! आणि फोटोत दिसता तसे दिसा, जरा हसा!"

मतदानाआधी उमेदवारांनी बोलायचं असतं. काका व्यासपीठावर चढले. इंग्रजीतली चार वाक्यं त्यांनी पाठ केली होती. माझा मित्र वेन यानं मला शब्द दिला आहे. माझ्या बायकोची बाजू कोर्टात ऐकली जाईल असं तो म्हणाला आहे. म्हणून मी माझं नाव मागं घेतो. धन्यवाद.

पुढच्या रांगा उठून टाळ्या वाजवू लागल्या. वेननं त्यांना मिठी मारली. विश्वनाथरावांनी हॅलिफॅक्सहून आणलेली शाल काकांच्या खांद्यावर घातली, नारळ दिला. कॅमेरे चमकले. हॉलच्या मागच्या अर्ध्या भागात मात्र कुणाचाही हात हलला नाही. मीटिंगच्या अध्यक्षानं वेनची निवड जाहीर केली आणि मतपेट्या रिकाम्याच उचलून नेल्या.

बाहेर शिवांगी काकांना गाठायलाच उभी होती. केसांवरून पाणी गळत होतं.

"काका, काय केलं हे तुम्ही?"

"अगं, शब्द दिलाय त्यानं. समद्यांम्होरं."

"मला तं सांगायचं. माझी शिफ्ट मी पाया पडून बदलली. तो गुरप्रीत तर नोकरीवर लाथ मारून आला, मॅनेजर सोडत नव्हता म्हणून. आम्हाला या देशात मत नाही काका. वर्षानुवर्षं नसणार. आज एक होतं. एकच. ते तुम्ही न विचारता देऊन टाकलं."

"काकूसाठीच केलं गं."

"मग काकूसाठीच टाकू द्यायचं होतं," ती म्हणाली, आणि बाकीच्या पोरांबरोबर बसस्टॉपकडे चालू लागली. काका शाल पांघरून तिथंच उभे राहिले. त्यांना वाटलं, पोर आहे, रागावली आहे, एप्रिलमध्ये समजेल.

दुसऱ्या दिवसापासून पेपरवाल्यांचे फोन बंद झाले. भांडणच राहिलं नाही, तर लिहायचं काय?

वेननं आपल्या पक्षाच्या बैठकीत ठराव काढला. पुढारी म्हणाला, पोर्ट ऑल्डनचा प्रश्न तर मिटला ना, मग घाई कसली? विरोधक म्हणाले, एक वीट काढाल तर सगळी भिंत पडेल, मग बजेटलाही आमचा हात वर होणार नाही. ठराव कामकाजात घ्यायचा की नाही हे पुढारीच ठरवतो. त्यानं तो घेतला नाही. वेन दोनदा उठला, दोनदा त्याला बसवलं. बजेटच्या दिवशी त्यानं पक्षाबरोबर हात वर केला. एप्रिलच्या शेवटी अधिवेशन संपलं. हे आम्हाला नंतर खुद्द वेनकडूनच कळलं. काकांच्या गावच्या सरपंचानं शब्द दिला तर रस्ता त्याच्या हातात असायचा. वेनच्या हातात रस्ता नव्हताच. नसलेल्या गोष्टीचा शब्द त्यानं मनापासून दिला, आणि काकांनी तो मनापासून घेतला.

कोलेटचा फोन मे महिन्यात आला. ती ओरडली नाही.

"मी अर्ज भरला नाही," ती म्हणाली. "आमच्याकडच्या पक्षाच्या लोकांनी मला तुमचा शालीतला फोटो दाखवला. म्हणाले, बघा, ज्याची बायको गेली त्यानंही समजूतदारपणे माघार घेतली. तुम्ही कशाला ताणता? माझ्याबरोबरची माणसं गळाली. बाकीच्या दोन गावांतही तेच झालं."

काका म्हणाले, "मला वाटलं..."

"ते घाबरले होते हो," कोलेट म्हणाली. "ते खरंच घाबरले होते तुम्हाला." आणि तिनं फोन ठेवला.

जूनमध्ये कोर्टात गर्दी नव्हती. काका, शिवांगी, आणि मागच्या बाकावर विश्वनाथराव. शिवांगी आली होती. राग होता, तरी आली होती. दुसऱ्या बाजूला पिकअपवाल्याची आई आणि भाऊ. न्यायाधीश बाई बराच वेळ वाचत होत्या. जागा रिकाम्या, उशीर सरकारचा, आरोपीचा नाही. मध्ये एकदा त्यांनी चष्मा काढला, काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या की या कुटुंबाचं ऐकून घेण्यात ही व्यवस्था कमी पडली, याचं मला वाईट वाटतं. मग चष्मा लावून केस थांबवली.

सरकारी वकिलाच्या टेबलाजवळ पुराव्याची खोकी रचलेली होती. त्यातल्या एकात ती कागदी पिशवी होती. कुणी ती उघडली नाही. शिपायानं खोकी गाडीवर चढवली आणि ढकलत नेली, तिचं एक चाक करकरत होतं.

काका उठले ते थेट व्हरांड्यात गेले. पिकअपवाला तिथं उभा होता, नव्या शर्टात. दोघं समोरासमोर आले. काकांनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं.

"पिवळं जाकीट होतं," काका इंग्रजीत म्हणाले. "तुला दिसलं का?"

त्या माणसाचे ओठ हलले. त्याच्या वकिलानं त्याचा दंड धरला आणि त्याला जिन्याकडे वळवलं.

विश्वनाथराव मागून आले. "जनार्दनराव, मी..."

"तुमचं काय चुकलं न्हाई," काका म्हणाले. "तुम्ही मंडळ चालवल्यागत देश चालवाय गेला. आन् मी गाव."

धक्क्यावर लोक अजूनही काळ्या कोटाचंच बोलतात.

ऑगस्टमध्ये समिती बसली. निवडणूक जवळ आली, तसं दोन्ही बाजूंना अध्यक्षाच्या नावावर एकमत सापडलं. आमच्या कोर्टाला दोन नवे न्यायाधीश मिळाले, शपथविधीला केक कापला. सरकारनं पत्रकं छापली, त्यात सगळ्यात वर ती तडजोड होती. आम्ही भांडत बसत नाही, आम्ही मार्ग काढतो, असं खाली लिहिलेलं.

ऑक्टोबरात वेन प्रचाराला बिल्डिंगच्या दाराशी आला. उमेदवाराला बिल्डिंगमध्ये येऊ द्यावंच लागतं, कायदाच तसा आहे. सुपरला दार उघडावं लागतं. काकांनी उघडलं. वेनच्या हातात पत्रकांचा गठ्ठा होता. चेहऱ्यावर थकवा.

"जॅन, मी शब्द दिला तेव्हा मनापासून दिला होता."

"ठाऊक हाय," काका मराठीतच म्हणाले, आणि लिफ्टचं बटण दाबलं. वरून खाली, एकेक दार, ते त्याच्याबरोबर फिरले. अडवलं नाही, बोललेही नाहीत. दारं उघडत होती. पोरं अदबीनं सांगत होती, सॉरी, आम्ही नागरिक नाही, आम्हाला मत नाही. दारं बंद होत होती. शिवांगीनं तर पत्रक हातात घेऊन नीट वाचलं, घडी घातली, "नाइस पेपर" म्हणून परत दिलं.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला वेन थांबला. गठ्ठा जसाच्या तसा होता.

"या मजल्यावर एकही मतदार नाही का?"

"होते," काका म्हणाले, या वेळी इंग्रजीत, त्याला कळेल असं. "मार्चमध्ये होते. पावसात उभे होते."

वेन जिन्यानं खाली गेला. काकांनी त्याच्यामागं जिन्याचं दार लावलं नाही. त्याला अजून खालचे मजले करायचे होते.